आउटलाइनखाली साल लिहा

गॅरेजच्या भिंतीवर आवडत्या रेस ट्रॅकची आउटलाइन लावण्याची हौस मला मनापासून आवडते. प्लायची नाहीतर एमडीएफची वळणदार पट्टी कापायची, घासायची, रंगवायची आणि गाडी उभी राहते त्या भिंतीवर ठोकायची. खर्च थोडा, साधनं मोजकी, आणि हाताला खरं काम. पण या हौसेभोवती काही गैरसमज चिकटले आहेत. त्यातला एक मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याला सविस्तर उत्तर देणं भागच आहे. आधी तो घेतो, बाकीचे मागून.

गैरसमज : ट्रॅकचा आकार ठरलेला असतो. नेटवरचं पहिलं चित्र घ्यायचं आणि कापायचं.

वस्तुस्थिती : ट्रॅकचा आकार बदलतो. अनेकदा बदलतो. आणि तो का बदलला, यातच त्या ट्रॅकचा निम्मा इतिहास असतो.

इटलीतल्या इमोलापासून सुरुवात करू, कारण सर्वात जास्त चुका तिथेच होतात. फॉर्म्युला वन ड्रायव्हर आयर्टन सेनाचा चाहता गॅरेजमध्ये त्याचं पिवळ्या हेल्मेटमधलं पोस्टर लावतो आणि शेजारी इमोलाची आउटलाइन लावतो. भावना शंभर टक्के खरी असते. पण ती आउटलाइन आजच्या इमोलाची असते, आणि आजच्या इमोलात सेना जिथे अपघातात गेला ते वळण तसं उरलेलंच नाही. १ मे १९९४ रोजी, त्या अपघाताच्या दिवशी, टाम्बुरेलो हे एक लांब, पूर्ण वेगात घ्यायचं डावं वळण होतं. त्याच्या आदल्या दिवशी पात्रता फेरीत दुसरा ड्रायव्हर रोलंड रॅट्झनबर्गर थोडं पुढे, व्हिलनव्ह वळणावर गेला होता. १९९५ च्या शर्यतीपर्यंत दोन्ही ठिकाणी शिकेन आलं, म्हणजे वेग तोडण्यासाठी मुद्दाम घातलेली डावी-उजवी वळणं. १९९४ साली ट्रॅक ५.०४० किलोमीटरचा होता, आज तो ४.९०९ किलोमीटरचा आहे. सेनाच्या आठवणीसाठी लावलेल्या आउटलाइनमध्ये टाम्बुरेलोच्या जागी नागमोडी वळण असेल, तर ती आउटलाइन त्याच्या मृत्यूनंतरच्या ट्रॅकची आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं : ‘अहो, शोभेची वस्तू आहे. एवढं कोण बघतंय?’ या उत्तराचा मला खरोखर राग येतो. शोभाच हवी असेल तर कुठलीही वळणदार रेघ चालेल, तिला इमोला म्हणायची गरज नाही. नाव लिहिलं की ती वस्तू नकाशा होते, आणि नकाशा बरोबर तरी असतो किंवा चूक तरी.

इमोला हा अपवाद असता तर विषय इथेच संपला असता. पण जुन्या प्रसिद्ध ट्रॅकपैकी मूळ आकार टिकवून असलेले ट्रॅक शोधावे लागतात. बेल्जियममधलं स्पा-फ्रँकॉरशाँ १९७८ पर्यंत चौदा किलोमीटरांहून लांब होतं आणि मालमेडी, स्टाव्हलो या गावांजवळून सार्वजनिक रस्त्यांवरून जायचं. १९७९ साली ते जवळपास निम्मं झालं. आज ते ७.००४ किलोमीटर आहे. जर्मनीतलं हॉकेनहाइम २००१ पर्यंत सुमारे ६.८ किलोमीटरचं होतं, आणि त्याचा मोठा भाग घनदाट जंगलातून जाणारे सरळ पट्टे होते. ड्रायव्हर जिम क्लार्क १९६८ साली त्याच जंगलात अपघातात गेला. २००२ साली ट्रॅक ४.५७४ किलोमीटरचा झाला, जुना डांबरी रस्ता उखडून तिथे झाडं लावली गेली. क्लार्कच्या लोटसच्या चित्राशेजारी आजचं हॉकेनहाइम लावणं म्हणजे तो जिथे धावला ते जंगल भिंतीवरून पुसून टाकणं.

मॉन्झाची तऱ्हा आणखी वेगळी. १९२२ साली बांधलेल्या या ट्रॅकमध्ये रोड सर्किट आणि ओव्हल असे दोन भाग होते, मिळून दहा किलोमीटर. फॉर्म्युला वन शर्यत हे दोन्ही भाग जोडून फक्त चारदा झाली : १९५५, १९५६, १९६० आणि १९६१. त्यामुळे ओव्हलसकट कापलेलं मॉन्झा १९६१ साठी बरोबर आणि १९७१ साठी चूक. १९७१ च्या शर्यतीत तर एकही शिकेन नव्हतं. गाड्या एकमेकींच्या मागे हवेचा आडोसा घेत धावल्या, आणि पहिल्या पाच गाड्या ०.६१ सेकंदाच्या आत पोहोचल्या. पीटर गेथिन एक शतांश सेकंदाने जिंकला. पुढच्याच वर्षी शिकेन आली. तेव्हा गेथिनची शर्यत भिंतीवर हवी असेल तर शिकेन काढून टाकली पाहिजेत, कारण ती नव्हती म्हणूनच ती शर्यत तशी झाली.

सिनेमा पाहून आउटलाइन करणाऱ्यांचीही अशीच फसगत होते. ‘रश’ पाहून न्यूरबुर्गरिंग हवंसं वाटतं. निकी लाउडाचा १९७६ चा अपघात नॉर्डश्लाइफवर झाला, वीस किलोमीटरांहून लांब अशा डोंगराळ ट्रॅकवर. शोधल्यावर चित्र मात्र अनेकदा १९८४ साली उघडलेल्या छोट्या ग्राँ प्री ट्रॅकचं मिळतं. नाव एक, ट्रॅक दोन. ‘फोर्ड व्ही फेरारी’ पाहून ल मान करायला घेतलं, तर लक्षात ठेवा की ती शर्यत १९६६ ची आहे. तेव्हा फोर्ड शिकेन नव्हतं, ते १९६८ मध्ये आलं. पोर्शे कर्व्ज नव्हते, ते १९७२ चे. आणि मुल्सानच्या लांब सरळ पट्ट्यावरची दोन शिकेन १९९० ची. आजच्या ल मानच्या आकारात हे सगळं आहे.

‘जुन्या ट्रॅकचं ठीक आहे, नवे तर बदलत नाहीत ना?’ हा पुढचा प्रश्न. बदलतात. अबू धाबीचं यास मरीना २०२१ साली ५.५५४ वरून ५.२८१ किलोमीटरवर आलं. मेलबर्नचं अल्बर्ट पार्क २०२२ मध्ये ५.३०३ वरून ५.२७८ वर. बार्सिलोनात २०२३ च्या शर्यतीसाठी शेवटचं शिकेन काढलं गेलं. सिल्व्हरस्टोनला २०१० मध्ये नवा भाग जोडला गेला आणि २०११ मध्ये नव्या पिट इमारतीबरोबर सुरुवातीची रेषाही वुडकोट-कॉप्सच्या मधून क्लब-अॅबीच्या मध्ये गेली. म्हणजे पट्टीचा आकार २०१० आणि २०११ साठी सारखाच असला, तरी सुरुवातीची रेषा चुकीच्या जागी रंगवता येते.

आणि कधीकधी सालही पुरत नाही. २०२० मध्ये बहारीनच्या एकाच ट्रॅकवर लागोपाठच्या दोन रविवारी दोन शर्यती झाल्या. बहारीन ग्राँ प्री ५.४१२ किलोमीटरच्या लेआउटवर, आणि साखीर ग्राँ प्री ३.५४३ किलोमीटरच्या बाहेरच्या लेआउटवर. दोन्हींच्या खाली ‘बहारीन २०२०’ लिहिलं तर बघणाऱ्याला काहीच कळणार नाही. शर्यतीचं नावही लिहायला हवं.

मग बरोबर चित्र कुठून आणायचं? फॉर्म्युला वनच्या प्रत्येक शर्यतीसाठी एफआयए, म्हणजे मोटर शर्यतींची जागतिक संघटना, सर्किटचा अधिकृत नकाशा प्रसिद्ध करते, अलीकडची सालं त्यावरून ताडून बघता येतात. गूगल अर्थ प्रो संगणकावर मोफत मिळतं. त्यात जुन्या तारखांची उपग्रह चित्रं आहेत आणि वळणावळणावरून रेघ ओढून लांबी मोजण्याची सोयही आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर ट्रॅकच्या रेषा तयार मिळतात, पण त्या स्वयंसेवकांनी काढलेल्या असतात, म्हणून उपग्रह चित्राशी जुळवून घ्याव्यात.

त्यानंतर दोऱ्याने तपासणी. ट्रॅकची लांबी मध्यरेषेवरून मोजतात. छापील आकाराच्या मध्यरेषेवर जाड दोरा बसवत जायचा, मग तो सरळ करून मोजायचा आणि नकाशाच्या प्रमाणाने गुणायचं. १ : २५०० प्रमाण घेतलं, तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले पंचवीस मीटर. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटची लांबी ५.१२५ किलोमीटर, म्हणजे दोरा २ मीटर ५ सेंटिमीटर भरायला हवा. यास मरीनाचा जुना लेआउट चुकून घेतला असेल, तर दोरा जवळपास ११ सेंटिमीटर जास्त भरेल आणि चूक तिथेच सापडेल. मात्र बार्सिलोनाच्या जुन्या-नव्यात फरक फक्त १८ मीटरचा आहे, या प्रमाणात तो सात मिलिमीटर. एवढा फरक दोरा खात्रीने दाखवत नाही. तिथे शेवटची वळणं डोळ्यांनीच नीट बघावी लागतात.

गैरसमज : ऑनलाइन नकाशावर एकाच झूमला दोन ट्रॅकचे स्क्रीनशॉट घेतले की दोन्ही एकाच प्रमाणात येतात.

वस्तुस्थिती : येत नाहीत, आणि हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. अनेक ट्रॅक शेजारी-शेजारी लावायचे असतील तेव्हा हीच चूक भिंत बिघडवते.

बहुतेक ऑनलाइन नकाशे मर्केटर प्रक्षेपणावर चालतात. त्यात छोट्या भागाचा आकार बरोबर राहतो, पण विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितकं सगळं मोठं दिसतं. सिल्व्हरस्टोन साधारण ५२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तिथे हा फुगवटा सुमारे १.६ पट. मलेशियातलं सेपांग विषुववृत्ताजवळ आहे, तिथे जवळपास शून्य. प्रत्यक्षात सिल्व्हरस्टोन (५.८९१ किलोमीटर) सेपांगपेक्षा (५.५४३ किलोमीटर) जेमतेम साडेतीनशे मीटरने लांब आहे. पण एकाच झूमच्या स्क्रीनशॉटवर रेघा मोजल्या, तर सिल्व्हरस्टोन पावणेदोनपट लांब भरतं.

उपाय सोपा आहे. नकाशाच्या कोपऱ्यात अंतर दाखवणारी पट्टी असते. प्रत्येक स्क्रीनशॉट त्याच्या स्वतःच्या पट्टीवरून मोजायचा आणि मगच लहान-मोठा करायचा. झूमच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

जीपीएसच्या नोंदींवरून आकार काढणाऱ्यांसाठी यातलाच दुसरा सापळा आहे. अक्षांश-रेखांशाचे आकडे सरळ आलेखावर टाकले, तर ट्रॅक पूर्व-पश्चिम ताणला जातो. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सुमारे १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा एक अंश मात्र ग्रेटर नोएडापाशी सुमारे ९८ किलोमीटर आणि सिल्व्हरस्टोनपाशी जेमतेम ६८ किलोमीटर भरतो. रेखांशातल्या फरकाला त्या जागेच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणलं की आकार सरळ होतो. सिल्व्हरस्टोनचा ताण कुणालाही दिसेल, पण नोएडाचा १३-१४ टक्क्यांचा ताण नजरेतून सहज निसटतो. म्हणून गुणाकार दरवेळी करायचाच.

गैरसमज : सगळे ट्रॅक सारख्याच आकाराचे केले की भिंत चांगली दिसते, आणि तेच बरोबर.

वस्तुस्थिती : दिसायला नीटनेटकं, पण माहिती म्हणून खोटं. मोनॅको ३.३३७ किलोमीटरचं आहे, स्पा त्याच्या दुपटीहून लांब. १ : २५०० प्रमाणात मोनॅकोची रेषा १ मीटर ३३ सेंटिमीटर भरते, स्पाची २ मीटर ८० सेंटिमीटर, आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकची दीड मीटरला जरा कमी. (ही रेषेची लांबी झाली. वळणांमुळे पट्टी भिंतीवर त्याहून बरीच कमी जागा घेते.) हे तिन्ही खऱ्या प्रमाणात शेजारी लावून बघा. मोनॅको किती चिंचोळ्या जागेत कोंबलेलं आहे आणि स्पा किती मोकळं आहे, हे कुणाला सांगावं लागत नाही. एकच पथ्य : प्रमाण आधी ठरवा. याच प्रमाणात नॉर्डश्लाइफची रेषा सव्वाआठ मीटरांहून लांब होते. ते यादीत असेल तर सगळ्यांसाठीच लहान प्रमाण निवडावं लागेल.

गैरसमज : पट्टी ट्रॅकच्या खऱ्या रुंदीची हवी.

वस्तुस्थिती : तशी ठेवली तर ती मोडेल. ट्रॅकची रुंदी साधारण १२ मीटर धरली, तर १ : २५०० मध्ये ती पाच मिलिमीटरही भरत नाही. लाकडाची एवढी बारीक पट्टी हेअरपिनच्या आवळलेल्या वळणापाशी हातात येते. दहा-बारा मिलिमीटर रुंदी ठेवणं योग्यच, फक्त ती मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी वाढवायची. एकाच बाजूला वाढवली की वळणांची जागा सरकते. मोनॅकोच्या हेअरपिनसारखी आवळलेली वळणं जाड पट्टीत आतून बुजतात, तिथे आतली फट कानसेने मोकळी करायची. पट्टी मागच्या फळीवर चिकटवली तर मोडण्याची भीती जवळपास संपते.

आता बाकीचे, थोडक्यात.

‘लेझर मशीनशिवाय जमत नाही.’ फ्रेटसॉ आणि धीर असला की जमतं, जिगसॉ असेल तर लवकर होतं, आणि लेझर मशीन चुकीचा आकारही तितक्याच सफाईने कापतं.

‘सनबोर्ड स्वस्त आहे, लेझरला देऊन टाका.’ मुळीच नाही. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचा फोम, तो जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, जो फुप्फुसांनाही घातक आणि मशीनलाही. सनबोर्ड कटरनेच कापायचा.

‘सुतार बरोबर कापून देईल, कागद दिला की झालं.’ जिगसॉचं साधं पातं वर येताना कापतं, त्यामुळे वरच्या बाजूचा पापुद्रा उचकटतो, म्हणून सुतार प्लायची चांगली बाजू खाली ठेवतो. अशा वेळी मागच्या बाजूवर आकार आरशातल्यासारखा उलटा उतरवावा लागतो, नाहीतर घड्याळाच्या दिशेने धावणारा ट्रॅक भिंतीवर उलट दिशेने धावतो.

‘उत्तर दिशा वरच हवी.’ नको. टीव्हीवरचे नकाशेही सोयीनुसार फिरवलेले असतात. आउटलाइन हवी तितकी फिरवा, पण उलटवू नका.

‘सगळे ट्रॅक घड्याळाच्या दिशेने धावतात.’ इंटरलागोस, ऑस्टिन, इमोला, सिंगापूर आणि अबू धाबी उलट दिशेने धावतात. सुझुका आठच्या आकड्यासारखं स्वतःलाच ओलांडतं, त्यामुळे तिथे दोन्ही दिशा आहेत. तिथे वरून जाणारा भाग आणि खालून जाणारा भाग पट्टीतही वर-खाली दाखवायचा.

‘प्रिंट काढली की प्रमाण बरोबर येतंच.’ प्रिंटरच्या सेटिंगमध्ये पानात बसवण्याचा पर्याय सुरू असेल तर प्रमाण बिघडतं. शंभर टक्क्यांवर छापा, किंवा आर्किटेक्टचे प्लॅन छापणाऱ्या दुकानातून प्लॉटरवर एक मोठा कागद काढून घ्या, आणि छापल्यावर एक अंतर फूटपट्टीने मोजून बघा.

‘एमडीएफ आणि प्लाय एकच.’ कोकणात किंवा घाटमाथ्यावर एक पावसाळा गेला की फरक कळतो. एमडीएफच्या कापलेल्या कडा पाणी पितात, फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. उघड्या पार्किंगसाठी आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या. एमडीएफच वापरायचा असेल तर कडांना सीलर आणि प्राइमर दोन-दोन हात द्या.

‘थ्रीडी प्रिंट केलं की कायमचं टिकतं.’ पीएलए प्लास्टिक साठ अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडला टेकलेल्या पट्टीचा आकार बदलू शकतो.

‘थोडा भुसा नाकात गेला तर काय होतं?’ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ आणि फॉर्मल्डिहाइड ही दोन्ही माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवली आहेत. एमडीएफ ज्या गोंदाने बनतो त्यात सहसा फॉर्मल्डिहाइड असतं. नाकाला बांधलेला रुमाल पुरत नाही. एन-९५ मास्क लावा आणि कापणं-घासणं मोकळ्या हवेत करा.

‘डबल टेप पुरते.’ पट्टी हलकी असते हे खरं, पण डिस्टेंपरच्या किंवा ओल धरणाऱ्या भिंतीवरून टेप रंगाच्या पापुद्र्यासकट सुटते. ड्रिल मारून स्क्रू लावा.

‘एलईडी पट्टी हवी तिथे कापता येते.’ तिच्यावर कापण्याच्या खुणा ठरावीक अंतरावर असतात. मध्येच कापली तर त्या खुणेपर्यंतचा तुकडा पेटत नाही.

हातकामातल्या चुका एकदा सांगितल्या की सुधारतात. बिघडलेला प्लाय बदलता येतो, निघालेली टेप पुन्हा लावता येते. चुकीचा आकार मात्र वर्षानुवर्षं भिंतीवर राहतो, आणि घरी येणारी मुलं तोच बरोबर समजून मोठी होतात. म्हणून प्रत्येक आउटलाइनच्या खाली छोट्या अक्षरात पाच गोष्टी लिहा : ट्रॅकचं नाव, साल (आणि एका सालात दोन लेआउट असतील तर शर्यतीचं नाव), किलोमीटरमधली लांबी, प्रमाण, आणि धावण्याची दिशा दाखवणारा बाण. ‘इमोला, १९९४, ५.०४० किमी’ एवढं लिहिलं तरी पुढच्या माणसाला कळतं की हा टाम्बुरेलो मुद्दाम असा काढला आहे. मग तो विचारतो, आता तो असा का नाही. त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं की तुमची भिंत तुम्हाला खरोखर माहीत आहे.